मोडल्या सोयरिकीचा टीव्ही

आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा सोलापुरात टीव्ही दिसत नव्हता. मुंबईला दिसायचा, पुण्याला दिसायला लागला होता, आणि आमच्याकडेही आज ना उद्या दिसेल असं पेपरात अधूनमधून यायचं. पण आमच्या नळाला पाणीसुद्धा आज ना उद्याच येणार असायचं, त्यामुळे त्या बातमीवर कुणी फार विसंबून नव्हतं. अशात एका दुपारी भवानी पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी मालट्रक थांबला आणि हमालांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड आमच्या दारात आणून टेकवलं. ते दारातून आत जाईना. शेवटी अप्पांनी दाराची एक फळी बिजागरीतून काढली, तेव्हा ते आडवं होऊन आत आलं. पेंढा आणि गोणपाट काढल्यावर निघालं एक लाकडी कपाट. चार बारीक पाय, समोर दोन छोटी दारं, दारांना पितळी मुठी, आणि दारं उघडली की आत हिरवट फुगीर काच. तेव्हाच ते जुनं होतं. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीतला गोरा साहेब आपल्या देशातून येताना ते घेऊन आला होता आणि परत जाताना मागं ठेवून गेला होता. माझ्या अक्काची सोयरीक ज्याच्याशी ठरली होती तो मुलगा त्याच कंपनीत होता. त्यानं ते उचललं आणि लग्नाआधीच सासरवाडीला धाडून दिलं.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि वर माळवद. अप्पा मागाचं सामान विकायचे. धोटे, कांड्या, चामड्याचे पट्टे, असलं. आजूबाजूला सगळे तेलुगू विणकर, घराघरात माग, आणि वीज असेल तोवर दिवसभर खटाखट. त्या खटाखटीच्या वरताण बोलायची सवय आम्हाला लहानपणीच लागली. आजही माझा फोन आला की समोरची माणसं तो कानापासून लांब धरतात, आणि माझी सून मला समजावते की आई, ऐकू येतंय सगळ्यांना. अव्वा, म्हणजे आमची आई, घरात कानडी बोलायची, अप्पा गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आम्ही दोघी बहिणी ज्या भाषेत मार कमी बसेल त्या भाषेत. सकाळी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, दुपारी भात आमटी, सणाला हुग्गी, म्हणजे कुटलेल्या गव्हाची गुळातली खीर. टीव्ही आला त्या दिवशी अव्वानं हुग्गी केली होती आणि टीव्हीच्या दारांना कुंकू लावलं होतं.

माळवदावर मुंबईच्या बाजूला तोंड करून काठी उभी केली, तार खाली आणली, आणि अप्पांनी बटण फिरवलं. आत मागच्या बाजूला काहीतरी लालसर पेटलं, तापल्या धुळीचा वास सुटला, खोलीतला दिवा मंद झाला आणि काचेवर मुंग्या दिसायला लागल्या. काळ्या पांढऱ्या, लाखोंनी, आणि तेल उकळल्यासारखा आवाज. सगळा बोळ जमला होता. शेजारची नरसूबाई बिड्यांचं सूप मांडीवर घेऊनच आली होती, ती म्हणाली, "दिसतंय की माणूस. डोक्यावर टोपी हाय बघ त्याच्या." मग इतरांनाही टोपी दिसायला लागली. चार दिवस लोक येऊन टोपी बघून गेले. अक्का मात्र एकदाही टीव्हीसमोर बसली नाही. ती तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. लग्नापर्यंत शिकू दे, पुढं तिकडचे बघतील, असं अप्पांनी ठरवलेलं होतं, आणि तिकडच्यांचीही ना नव्हती. होणाऱ्या नवऱ्याबद्दल तिचं म्हणणं काय होतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही. मी परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "बरा होता. हसला की दात दिसायचे. तेवढंच ध्यानात हाय."

लग्नाला दोन अडीच महिने उरले असताना त्याचे वडील मोहोळहून आले. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की, व्याही घरात आला की आधी गूळपाणी. हे गृहस्थ दुकानाच्या पायरीशीच उभे राहिले. अप्पांनी या म्हटलं तरी आत येईनात. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "पोरानं तितं लगीन केलं. आमाला बी परवाच कळलं. तुमच्या दारात यायला तोंड न्हाय, पर दुसऱ्याच्या तोंडून तुमाला कळू नये म्हणून आलो." अप्पांनी त्यांना हात धरून पायरीवर बसवलं आणि मला पाणी आणायला सांगितलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढं कैकदा वाटलं. निदान अव्वाला ओरडायला तरी कुणी मिळालं असतं. देण्याघेण्याच्या वस्तू विडासुपारी लावून परत झाल्या, त्यांची लुगडी त्यांच्याकडे, आमची चांदीची वाटी आमच्याकडे. टीव्हीचं नाव काढल्यावर मात्र ते म्हातारे लालबुंद झाले. "त्यो आमी दिला न्हाय, त्यानं दिला. त्याची एक वस्तू सुदीक माझ्या उंबऱ्यात नको." आणि निघून गेले.

आता इथं अव्वाचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. मोडल्या सोयरिकीची वस्तू घरात राहिली तर त्या घरातली मुलगी मोकळी होत नाही. ती वस्तू विडा देऊन दुसऱ्याच्या उंबऱ्यात गेली पाहिजे, घेणाऱ्यानं विडा हातानं घेतला पाहिजे. ती फोडायची नाही, मोडायची नाही, कारण एकदा मोडलेलं आणखी मोडलं तर तो मोड घरालाच लागतो. आणि ती जाणार ते घरही असं हवं की जिथं लग्नाची मुलगी नाही. हा नियम आमच्या लिंगायतांत सगळीकडे आहे की फक्त माझ्या अव्वाचाच होता, हे मला आजवर कळलेलं नाही. मी पुष्कळांना विचारलं. काही म्हणतात असतं असं, काही म्हणतात तुझ्या अव्वाचं डोकं. पण त्या वेळी बोळातल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, आणि थोड्याच दिवसांत अव्वाच्या हातात पुरावाही आला.

अक्कलकोटकडून एक स्थळ आलं. सोयरीक मोडलेली मुलगी, तेव्हा येईल ते पहिलं स्थळ बघत बसायचं नाही, देऊन टाकायचं, असं अव्वानं मनात पक्कं केलेलं होतं. टीव्हीवर तिनं मोठी चादर घातली होती. त्यामुळे झालं असं की कोपऱ्यात कुणीतरी बाई डोक्यावरून पांघरूण घेऊन बसली आहे असं वाटायचं. मुलाच्या आत्यानं पोहे खाता खाता तिकडंच बघितलं आणि विचारलं, "ते काय हाय?" अव्वाला खोटं बोलता येत नसे. जन्मात आलं नाही. ती गडबडली आणि होतं ते सगळं सांगून मोकळी झाली. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. त्या दिवशी चादर ओढून तिनं चुलीपाशी फेकली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. "साकातु," म्हणाली. म्हणजे दमले, पुरे झालं. पुढच्या दीड वर्षात हा शब्द आमच्या घरात मिठासारखा रोज पडत होता.

मग अप्पा टीव्हीला घर शोधायला लागले. विकायचा नव्हताच, फुकट द्यायचा, वर आणून द्यायचा. तरी घेणारा मिळेना. आधी रेडिओ दुरुस्त करणारे रफिकभाई आले, मागची फळी काढून आत टॉर्च मारून म्हणाले, "माल अच्छा है अप्पा. खोलके ले जातूँ मैं." अव्वानं दारातूनच हात हलवला, खोलायचा नाही. रफिकभाईंनी फळी परत बसवली, स्क्रू पिळले आणि चहा पिऊन गेले. मग बाजारातल्या हॉटेलवाल्या सिद्रामप्पाचं नाव निघालं. त्याला चार मुलगे, मुलगी एकही नाही, म्हणजे नियमात बसणारं घर. सिद्रामप्पा खूश. "ठेवतो की. चित्र न्हाय दिसलं तर न्हाय, गिऱ्हाईक डबा बघायला तर येतील," म्हणाला. हातगाडी ठरली, विड्याची पानं आणली, अव्वानं त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी केस नीट विंचरले. आणि गाडी यायच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला, राहू द्या म्हणून. कारण काही सांगितलं नाही.

त्यानंतर अक्कलकोटच्या खाली एका खेड्यात अव्वाचे लांबचे मामा होते, त्यांनी विचारलं. त्या गावात वीजच नव्हती. मामांना टीव्ही नको होता, कपाट हवं होतं. आतलं सगळं आहे तसं मागं सरकवून पुढं देव बसवतो म्हणाले, दारंबिरं आयतीच आहेत. हे ऐकून अव्वाचे डोळे भरून आले. देव बसणार म्हणजे सगळं धुऊन निघणार. अप्पा एस.टी.नं जाऊन जागा बघून आले, पाय धुऊन जेवायला बसले आणि म्हणाले, चांगलं घर आहे. पुढच्या बाजाराला मामांचा माणूस आला तो टीव्ही न्यायला नाही, नको सांगायला. असं तीन चारदा तरी झालं. दर वेळी होकार, मग तयारी, मग नकार. असा निरोप आला की अप्पांचं ठरलेलं होतं, स्वतः जाऊन विचारायचं. दुकानाची फळी लावली की टोपी घालून निघायचे आणि परत आले की चप्पल काढायचे, अव्वा पायांवर पाणी घालायची, आणि ते म्हणायचे, "न्हाय म्हणाले." कुणी बोभाटा केला, कुणी सांगितलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. अव्वा नरसूबाईवर संशय घ्यायची, बोळातल्या प्रत्येकीवर घ्यायची. अप्पा भाकरी मोडून आमटीत कुस्करायचे. मला वाटायचं, आपले वडील फार साधे आहेत.

मला खरं काय ते कळलं ते अगदी सहज. उन्हाळ्यात ताक मागायला सिद्रामप्पाच्या घरी गेले होते. त्याची बायको मल्लव्वा ताकाचं भांडं भरून देता देता म्हणाली, "तुझी अक्का येऊन सांगून गेली म्हणून बरं झालं बाई. न्हायतर माझ्या चार पोरांच्या लग्नात काय इघ्न आलं असतं." मी भांडं घरी ठेवलं आणि तशीच वर गेले. अक्का माळवदावर कुरडया उलथत होती. डोक्यावर ओला पंचा, हाताशी उघडं पुस्तक, त्यावर दगड. बालमानसशास्त्र असावं; ती तेव्हा तेच पाठ करायची.

"अक्का, मल्लव्वाला तू सांगितलंस?"

"व्हय." कुरडई उलथली. "तिनं विचारलं की, कुणाचा हाय म्हणून. खोटं बोलू?" मग म्हणाली, "न्हाय. तिनं विचारलं न्हाय. मीच सांगितलं."

"आणि मामांना?"

"त्यांच्या गावची बाई भेटली की बाजारात."

मी तिथंच उभी राहिले तशी ती माझ्याकडे वळली. चेहरा उन्हानं तांबडा झालेला. अक्का तशी मवाळ, कुणाशी वर मान करून बोलायची नाही. पण त्या दिवशी तिनं जे सांगितलं ते तिनं पुष्कळ दिवस मनात बोलून ठेवलेलं होतं हे कळत होतं. "शशे, ह्यो डबा हितं हाय तोवर मला कोण मागायला येत न्हाय. आलं तरी जातंय. ज्या दिवशी ह्यो जाईल त्याच्या दुसऱ्या दिवशी अव्वा मला जो येईल त्याच्या गळ्यात बांधणार. मग कुटलं डी.एड. आन् कुटली नोकरी. मला एवढी परीक्षा होऊ दे. हातात नोकरी आली की मग न्या मला कुटं न्यायचं तितं."

"मग अप्पांना सांग की."

"अप्पा व्हय म्हणतील. मग अव्वा रडंल. मग अप्पा न्हाय म्हणतील."

हे खरं होतं. आमच्या घरात असंच व्हायचं. मी म्हटलं, "अव्वा आता बी रडतीच की."

"रडती," अक्का म्हणाली, आणि पुढच्या कुरडईकडे सरकली. मग मीही पंचा ओला करून डोक्यावर घेतला आणि दुसऱ्या टोकाकडून उलथायला बसले. त्या दिवसापासून कोण घेणार म्हणतंय त्याची बातमी तिला आणून द्यायचं काम माझं झालं.

त्या वर्षाबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी अव्वाचे हात दिसतात. सोमवार ती धरायचीच, आता गुरुवार धरला, अमावास्या धरली. गोड सोडलं. सिद्धेश्वराला अनवाणी जायला लागली, आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे डांबर चपलेला चिकटतं, तिथं ती पाय भाजत जायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. रोज सकाळी ती टीव्हीच्या चारही पायांभोवतीची फरशी पुसायची, पण टीव्हीला बोट लावायची नाही, त्यामुळे फरशी लख्ख आणि वर धुळीचा थर. कामाला ती कधी चुकली नाही. भाकरी तितक्याच पातळ, चटणी तितकीच कुटलेली. पण घास तोंडापर्यंत नेऊन ती मध्येच थांबायची, जणू काही विसरलंय. अप्पा म्हणायचे, "खा." ती म्हणायची, "खाते की." बोळात कुणाचं लग्न निघालं की अव्वा आहेर द्यायला अक्काला नेत नसे, एकटीच जायची आणि लगेच परतायची. बायका तिला धरून बसवायच्या आणि विचारायच्या, आणि ती सगळ्यांसमोर रडायची. तिचं रडणं बघून एकीलाही कधी वाटलं नाही की या घरात काही लपवलं जातंय.

आता वयाच्या या टोकाला आल्यावर मला माणसाच्या थकण्याचे प्रकार कळायला लागलेत. माझे गुडघे दुखतात, ते थकणं निराळं. झोपलं की जातं. अव्वाचं थकणं कशानंच जात नव्हतं. अक्का मात्र त्याच घरात, त्याच टीव्हीच्या मागं पाठ टेकून पाठांतर करायची. तिथं थोडी सावली असायची आणि कुणी मुद्दाम यायचं नाही.

अक्का पहिल्या वर्गात पास झाली. पुढं थोड्याच आठवड्यांत केमच्या शाळेत तिची नेमणूक झाल्याचं कळलं. केम म्हणजे करमाळ्याकडचं गाव, पण रेल्वेवर, आणि राहायला मुख्याध्यापकांच्या घरामागं खोली मिळणार होती. अव्वा घाबरली. बिनलग्नाची मुलगी परगावी. तिनं अप्पांकडे बघितलं आणि अप्पा नेहमीसारखं काहीतरी मधलं बोलतील याची वाट बघितली. अप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला. आन् उद्या त्यो टीव्ही मोहोळला नेतो."

"मोहोळला? त्यांनी तर उंबऱ्यात नको म्हटलंय."

"बघू. विड्याचं तेवढं बांधून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूत घेऊन पुण्याकडे चाललेल्या टेम्पोत आम्ही टीव्ही चढवला. पुन्हा दाराची फळी काढावी लागली. अक्कानं मीही येते म्हटलं, आणि ती येते म्हणून मीही. अप्पा ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागं सुताच्या गठ्ठ्यांवर, मध्ये तो. वाटेत अक्का एकच वाक्य बोलली. "आता ते न्हाय म्हणाले तर अप्पा परत घेऊन येतील की गं." तिला आता तो नको होता, आणि अप्पा पुन्हा एकदा नकार ऐकणार याचं तिला वाईट वाटत होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मोहोळला दार उघडलं ते मुलाच्या आईनं, गौरव्वानं. तिनं टेम्पोकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि एकदम म्हणाली, "आणलासा व्हय एकदाचा. या, या आत." विडा तिनं दोन्ही हातांनी घेतला. मग अक्काला जवळ ओढून तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. आत बाजेवर तिचे यजमान पडलेले होते, तेच म्हातारे, पायरीवर टोपी हातात घेऊन उभे राहिलेले. अर्धं अंग गेलेलं. गौरव्वा टीव्हीला जागा करता करता बोलत होती, कुणाला उद्देशून असं नाही. "ह्यांचा राग काय, पडल्यावर सगळा उतरला. पोराची वस्तू आणा, पोराची वस्तू आणा, एकच घोशा. मी तर गेल्या गड्ड्याच्या यात्रेलाच माणूस धाडला होता की तुमच्याकडं."

अक्का आणि मी एकमेकींकडे बघितलं. गड्ड्याची यात्रा म्हणजे संक्रांत. म्हणजे सहा महिने होऊन गेलेले.

"तुमीच म्हणालासा," गौरव्वा अप्पांना म्हणत होती, "पोरीची परीक्षा हाय, तोवर ऱ्हाऊ द्या, मग मी सोता आणून देतो म्हणून. मी ह्यांना सांगितलं, हाय माणूस शब्दाचा, आणील."

अप्पा टीव्हीची वायर सोडवत होते. मान वर केली नाही. अक्का भिंतीला टेकली. मला त्या क्षणी सिद्रामप्पा आठवला, मामा आठवले, सगळे आठवले. मल्लव्वानं मी न विचारताच मला सांगितलं होतं. अप्पा तर निरोप आल्यावर त्या माणसांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, समोरासमोर कारण ऐकायचे. त्यांना पहिल्याच वेळी कळलेलं असणार. आणि तरी ते दर वेळी टोपी घालून निघायचे, नवं घर शोधायचे, तिथं अक्का काय सांगून आली आहे ते ऐकायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, न्हाय म्हणाले. अप्पा साधे नव्हते. आमच्यापेक्षा ते फार चांगले खोटारडे होते.

गौरव्वाच्या घरी वीज होती. तार जोडायला काठी नव्हती, तरी अप्पांनी बटण फिरवलं. काचेवर मुंग्या आल्या. बाजेवरच्या म्हाताऱ्यांनी मान वळवली आणि बघत राहिले. एका बाजूनं तोंड वाकडं, ते काय म्हणाले ते आम्हाला कळलं नाही, गौरव्वाला कळलं. तिनं आवाज थोडा वाढवला. अप्पा बाजेशी जाऊन हात जोडून म्हणाले, "उशीर झाला माज्याकडून." त्या माणसाला सहा महिने वाट बघायला लावली होती ती आमच्या अक्काच्या परीक्षेसाठी, आणि ते त्यांनी कबूल केलं. म्हाताऱ्यांनी चांगला हात उचलून अप्पांच्या मनगटावर ठेवला, डोळे टीव्हीवरच.

येताना एस.टी.त गर्दी नव्हती. अप्पा खिडकीशी, मध्ये अक्का, कडेला मी. अक्का रडत होती आणि पदरानं पुसत होती, पुसत होती आणि रडत होती. मग म्हणाली, "अप्पा, मला का न्हाय सांगितलंत?"

"तू मला सांगितलंस काय?"

ते रागावून म्हणाले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले. अक्कानं पुढं विचारलं, "मग अव्वाला तरी सांगायचं की. किती झुरली ती."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे केस केव्हा इतके पांढरे झाले ते मला त्या दिवशी दिसलं. "तिला सांगून चाललं असतं काय? तिला खोटं बोलता येत न्हाय. लोक माझ्याकडं बघून गप्प ऱ्हायले न्हाईत पोरी. भावकीतनं रोज कोण ना कोण दुकानात यायचं, उगी मोकळी पोरगी घरात ठेवलीया, हे स्थळ बघ, ते बघ. घरात यायचे, तिचं रडं बघायचे, डबा खरंच जात न्हाय म्हणायचे आन् परत जायचे. तिचं रडं खरं होतं म्हणून तुझं डी.एड. झालं." आणि टोपी पुन्हा डोक्यावर घालत, "मला लई जड गेलं ते."

अक्का पुढं केमला राहिली, नोकरीत कायम झाली, तिच्या मनानं, तिच्या वेळी, शाळेतल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. हे सगळं त्या वर्षातून निघालं. पण त्या दिवशी घराच्या बोळात वळताना आम्हा तिघांचेही पाय उचलत नव्हते.

अव्वा दारातच उभी होती. फळी अजून काढलेलीच होती, तिला ती एकटीला बसवता आली नव्हती. आमच्या तोंडाकडे न बघता तिनं आधी आमच्या हातांकडे बघितलं, रिकामे आहेत ना ते. "घेतला?"

"घेतला," अप्पा म्हणाले.

"विडा?"

"गौरव्वानं. दोनी हातांनी."

अव्वानं डोळे मिटले. मग म्हणाली, "माझे सोमवार पावले." आणि आम्हाला बसा म्हणून आत हुग्गी ढवळायला गेली, सकाळी आम्ही निघाल्याबरोबर तिनं गहू कुटायला घेतले होते. टीव्हीची जागा तिनं धुऊन काढली होती आणि तिथं रांगोळीही घातली होती. अप्पा फळी बसवायला लागले, मी खालून धरली. फळी बसली तरी आतून काही हाक येईना म्हणून अक्का बघायला गेली आणि दारातच थांबली. आम्हीही गेलो. चूल विझत आलेली, हुग्गीवर झाकण, आणि अव्वा रांगोळीच्या शेजारी गार फरशीवर, हात उशाला घेऊन, भर दुपारी गाढ झोपली होती. मी तिला दिवसा झोपलेली तोवर कधी पाहिली नव्हती. तोंड थोडं उघडं होतं आणि बांगड्या कोपराशी जमल्या होत्या.

अक्का तिला उठवायला वाकली. तिला सगळं सांगून टाकायचं असणार, तिच्या तोंडावर ते स्पष्ट होतं. अप्पांनी तिच्या खांद्याला हात लावला. "नको उठवू," हळू आवाजात म्हणाले. आमच्या घरात हळू कुणी बोलत नसे. "मी नुसता पायानं हिंडलो. ती लई चालली."

मग अप्पांनी स्वतः भांडं उतरवलं, आणि आम्ही तिघांनी चुलीपाशी बसून, भांड्याला चमचा लागू न देता, हुग्गी खाल्ली.